रमणबागेचा इतिहास लिहिणारीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी पानं मिळाली. दोन दिवस टेबलावर ठेवली होती, येता-जाता वाचत होते. 2030 च्या 1 जानेवारीला पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलला, म्हणजे आपल्या रमणबागेच्या शाळेला, 150 वर्षं होतील, त्याच्या आत आजोबांच्या शाळेचा इतिहास लिहून काढायचा हे तुझ्या मनात आलं, याचाच मला फार आनंद झाला. रमणबागेच्या फाटकावरून मी आयुष्यभर ये-जा केली. माझे दोन्ही भाऊ तिथे शिकले. आई सकाळी तिघांचे डबे एकदम भरायची. ते दोघे एका दिशेला जायचे, मी मुलींच्या शाळेकडे. त्यामुळे त्या शाळेबद्दल माझ्या मनात जे आहे ते आत बसून शिकलेल्याचं नाही, पण परक्याचंही नाही.

आता पानांबद्दल. स्पष्ट लिहिते, कारण तू तेवढ्याचसाठी पाठवलीस. पहिल्या पानावर स्थापना आहे, दुसऱ्यावर इमारत, आणि तिसऱ्यापासून थेट शेवटपर्यंत मोठ्या माणसांची नावं. नाव, हुद्दा, मिळालेला मान. पुन्हा नाव, हुद्दा, मान. इतक्या नावांमध्ये मला एकही मुलगा दिसला नाही. ही माणसं त्या फाटकातून आत शिरली तेव्हा मोठी नव्हती. कुणाची फी थकलेली असेल, कुणाचं गणित कच्चं असेल, कुणी कोकणातून येऊन नातेवाइकांकडे एका कोपऱ्यात पथारी टाकत असेल. त्या मुलाला शाळेत काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे कळल्याशिवाय त्याचं नाव शाळेच्या इतिहासात लिहायचा आपल्याला काय अधिकार? प्रत्येक नावाला हा एक प्रश्न विचार. ज्या नावाला उत्तर मिळणार नाही ते खुशाल गाळ. यादी निम्म्यावर आली तरी चालेल.

आधी स्थापनेचं पान घेऊ. तू लिहिलं आहेस की थोर विभूतींनी एकत्र येऊन शाळा काढली. त्या विभूतींची वयं मांडून बघ. 1 जानेवारी 1880 ला विष्णुशास्त्री चिपळूणकर 29 वर्षांचे होते. टिळक 23 वर्षांचे, आगरकरही 23 चे. संस्कृतचे वामन शिवराम आपटे, ज्यांनी पुढे शाळेची धुरा सांभाळली, ते तर जेमतेम एकविशी-बाविशीतले. म्हणजे तुझ्याच वयाची मुलं, मुली! पुण्यातल्या शहाण्यासुरत्या लोकांना हा पोरखेळ वाटला असेल. बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात वर्ग भरू लागले. वातावरण काय होतं तेही ध्यानात घे. 1879 च्या अखेरीस वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप झाली होती. सरकारचं लक्ष पुण्यावर होतं. अशा वेळी सरकारी नोकरीत असलेला एक शिक्षक राजीनामा देतो आणि स्वतःची शाळा काढतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. चिपळूणकरांची बदली रत्नागिरीला झालेली होती. 1874 पासून ते निबंधमाला लिहीत होते, नाव झालेलं होतं. नोकरी टिकवून लेखन करत राहणं सहज जमण्यासारखं होतं. त्यांनी तसं केलं नाही.

तुझ्या पानावरची एक चूक आत्ताच दुरुस्त कर. पहिल्या दिवशी सगळे संस्थापक हजर होते असं तू लिहिलं आहेस. आगरकर नव्हते. चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी सुरुवात केली. आपटेही त्याच वर्षी आले. आगरकरांची एम. ए.ची परीक्षा राहिली होती, म्हणून ते 1881 मध्ये रुजू झाले. टिळक आणि ते डेक्कन कॉलेजात असताना या शाळेबद्दल तासन्‌तास बोलत असत, तेव्हा ते मनाने पहिल्या दिवसापासून होतेच. पण मनाने असणं वेगळं आणि वर्गात असणं वेगळं. इतिहास लिहिताना हा फरक पाळ.

आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. घरची गरिबी इतकी की एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट तुला ठाऊक असेल. एम. ए. होत आलेल्या मुलाकडून आईच्या काय अपेक्षा असतात हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आईला लिहिलं होतं की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील अशी आशा बाळगू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. हे पत्र आपण शाळेत पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं वाचतो आणि पुढे जातो. तू एकदा त्या आईच्या जागी बसून वाच. मग स्थापनेचं पान पुन्हा लिही.

आपट्यांबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस, तीही त्यांच्या कोशाबद्दल. त्यांच्यावर थोडं थांब, कारण शाळेतली रोजची कामं कशी चालत असतील याचा अंदाज त्यांच्याकडून येतो. 1881 मध्ये, शाळा एकच वर्षाची असताना, संस्कृतात वाक्यरचना कशी करावी यावरचं त्यांचं पुस्तक निघालं. मी ते शिकवताना वापरलं आहे. कारक कुठे चुकतं, कुठल्या धातूबरोबर कुठली विभक्ती येते, मराठी बोलणारा मुलगा नेमका कुठे अडखळतो, हे रोज वह्या तपासणाऱ्याखेरीज कुणाला सुचणार नाही. त्या पुस्तकाच्या पानापानांत मला वर्ग दिसतो. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 चा. दोनच वर्षांनी, 1892 मध्ये, ते गेले, पस्तिशीही गाठली नव्हती. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलाला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळत असे. पहिल्या काही वर्षांतच या शाळेची मुलं ती पटकावू लागली आणि वाड्यातल्या शाळेचं नाव मुंबईपर्यंत गेलं. यामागे हा माणूस होता.

आता मी तुला एका वर्षाबद्दल सांगणार आहे. तुझ्या दहा पानांत ते वर्ष कुठेच नाही आणि माझ्या मते सगळ्या इतिहासाचा गाभा तिथेच आहे. ते वर्ष म्हणजे 1882.

17 मार्चला चिपळूणकर वारले. 32 वर्षंही पुरी नव्हती. शाळा दोन वर्षांची, आणि ज्याच्या नावावर ती उभी राहिली तोच गेला. तिकडे केसरी आणि मराठा ही पत्रं 1881 च्या जानेवारीत सुरू झाली होती. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे असा आरोप करणारा मजकूर त्यांत आला, दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि जुलैत टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. 101 दिवस. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिलं. पण तू शाळेच्या बाजूने बघ. एक संस्थापक गेला, दोन तुरुंगात. उरलेले लोक सकाळी वाड्याचा दरवाजा उघडून वर्गावर जात होते. घंटा होत होती. या साडेतीन महिन्यांत गणित कोणी शिकवलं? वेळापत्रक कसं बदललं? कुणा पालकांनी मुलगा काढून नेला का? या प्रश्नांची उत्तरं जुन्या कागदांत एका ओळीत जरी सापडली तरी ती ओळ तुझ्या सगळ्या यादीपेक्षा मोलाची आहे.

त्याच वर्षी हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करत देशभर फिरत होतं. सर विल्यम हंटर पुण्यात या शाळेत आले आणि त्यांनी शाळेची तोंडभरून स्तुती केली. साऱ्या हिंदुस्थानात या तोडीची संस्था पाहिली नाही, अशा अर्थाचं ते बोलले. हे तू नक्की लिहिशील, लिहावंसही. पण त्याच कमिशनपुढे, त्याच पुण्यातून, 19 ऑक्टोबर 1882 ला जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. शेतकऱ्यांकडून सारा गोळा होतो, आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा काढा, बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक त्यांच्यातले घ्या. ही त्यांची मागणी. न्यू इंग्लिश स्कूल सरकारची नव्हती, हे खरं. पण तिच्या बाकांवर बसलेली मुलं बहुतेक ब्राह्मणांची होती, हेही तितकंच खरं. हंटरांची स्तुती आणि फुल्यांचं निवेदन ही दोन्ही एकाच पानावर समोरासमोर ठेव. कुणाला बरं वाटणार नाही म्हणून त्यातलं एक गाळू नकोस.

आणि मग हे वाच. ज्या चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांवर कडक टीका केली होती, त्यांच्याच शाळेतल्या दोन शिक्षकांवर खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्यासाठी 10,000 रुपयांचा जामीन कुणी दिला? रामशेठ उरवणे यांनी. ते फुल्यांच्या वर्तुळातले. 26 ऑक्टोबरला टिळक-आगरकर सुटले तेव्हा त्यांच्या स्वागताला सत्यशोधक मंडळी पुढे होती. फुल्यांचं निवेदन 19 तारखेचं, ही सुटका 26 ची. एका आठवड्यातलं हे पुणं! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. इतकी वर्षं वर्गात मी फुले एका तासाला शिकवले आणि टिळक-आगरकर दुसऱ्या तासाला, जणू ते दोन वेगळ्या गावांत राहत होते.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ.

हरिभाऊ आपटे. तुझ्या यादीत ते आहेत, पुढे लिहिलं आहेस “थोर कादंबरीकार”. चिपळूणकर वारले तेव्हा हा मुलगा नुकता 18 वर्षांचा झाला होता. त्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाची 88 श्लोकांची कविता लिहिली. 88 श्लोक! गुरुजी गेले म्हणून. मास्तरांची आणि मुलांची जवळीक किती असेल याचा याहून चांगला पुरावा तुला कुठल्याही अहवालात मिळणार नाही. हरिभाऊ 1883 मध्ये मॅट्रिक झाले. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ हे भाषांतर केलं, तेव्हा याच मुलाने त्यावर दीर्घ टीकालेख लिहून आपल्या मास्तरांच्या चुका दाखवल्या. ही दोन कामं एकाच मुलाची. एका शिक्षकासाठी रडला, दुसऱ्याच्या पुस्तकाला नावं ठेवली, आणि त्यावरून कुणी त्याला शाळेतून घालवून दिलं नाही. शाळेने त्याला काय दिलं या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, हे तुझ्या लक्षात येईल. पुढे 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून क्रमशः आली. एका केशवपन केलेल्या विधवेचं आयुष्य तिच्याच तोंडून सांगायला निघालेला तो लेखक आगरकरांच्या सावलीत वाढला होता. आगरकरांनी सांगितलं म्हणून कादंबरी झाली असं मात्र लिहू नकोस. इतकं सरळ काही घडत नाही.

दुसरे केशवसुत. कृष्णाजी केशव दामले, मालगुंडचे. यांच्यावर तू पुरतं एक पान खर्च कर. तुझ्या यादीत “आधुनिक मराठी कवितेचे जनक” एवढंच आहे. हा मुलगा बडोदा, वर्धा, नागपूर असा फिरत पुण्याला आला. मॅट्रिकला अडला, पुन्हा बसला, आणि 1889 मध्ये, बाविशी उलटून गेल्यावर एकदाचा पास झाला. ज्या वयात टिळक-आगरकर शाळा काढत होते त्या वयात हा अजून मॅट्रिकचा अभ्यास करत होता. शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर अशा मुलाचं नाव कधी लागत नाही. कॉलेजात जायला पैसा नव्हता. मुंबईत शिकवण्या, शाळामास्तरकी, मग खानदेशात फैजपूर, मग धारवाड. 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीत प्लेगने गेले, वय 39. मागे राहिल्या सुमारे 135 कविता. 1893 ची ‘तुतारी’ वाच आणि मग आगरकरांचे निबंध वाच. जुनं जाळून टाका म्हणणारा तो सूर कुठल्या वर्गात कानावर पडला असेल, हे तुला सांगावं लागणार नाही.

त्यांच्या हयातीत पुस्तक निघालं नाही. 1917 मध्ये ‘केशवसुतांची कविता’ निघाली ती हरिभाऊ आपट्यांच्या संपादनाखाली. म्हणजे एका शाळेत सहा वर्षांच्या अंतराने मॅट्रिक झालेली दोन मुलं. पहिला घरचा बरा, पुण्यात नावाजलेला. दुसरा गावोगाव भटकून मेलेला मास्तर. आणि पहिल्याने दुसऱ्याच्या विखुरलेल्या कविता गोळा केल्या. माजी विद्यार्थी या शब्दाला काही अर्थ असेल तर तो मला इथे दिसतो. तुझ्या यादीत ही दोन नावं वेगवेगळ्या पानांवर आहेत. त्यांना जवळ आण.

एसेम जोशींबद्दल मला जास्त लिहायला नको, तुझ्या आजोबांनी तुला सांगितलंच असेल. वडील लवकर गेलेले, घरची ओढाताण, आणि तशात शिकलेला मुलगा. 1929 मध्ये पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात ते उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं सगळे लिहितात, तूही लिही, पण पर्वती आधी. 1882 च्या पानावर फुल्यांनी जे मागितलं त्याच्याशी या शाळेतल्या एका मुलाने 47 वर्षांनी स्वतःला जोडून घेतलं. हा धागा तुला मिळाला तर इतिहास आपोआप पुढे सरकेल.

आता गाळायच्या नावांबद्दल. गोपाळ कृष्ण गोखले तुझ्या यादीत माजी विद्यार्थी म्हणून आहेत. ते इथे शिकले नाहीत. त्यांचं शिक्षण कागल, कोल्हापूर आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमधलं. 1885 च्या जानेवारीत ते इथे साहाय्यक शिक्षक म्हणून आले, वय 18. त्यांच्या वर्गातली मोठी मुलं जवळपास त्यांच्याच वयाची असतील. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं ते पुढे सगळीकडे चाललं. त्यांना शिक्षकांच्या पानावर ने. टिळकांनाही काही लोक या शाळेचे विद्यार्थी म्हणतात, तेही बरोबर नाही. ते इथे गणित आणि संस्कृत शिकवत.

ही चूक मीही केली आहे, म्हणून कळकळीने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. एका मोठ्या शास्त्रज्ञांचं नाव मी माजी विद्यार्थी म्हणून छापलं. सगळे म्हणत होते, मीही लिहिलं. स्मरणिका निघाल्यावर त्यांच्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं. दादा त्या शाळेत नव्हता, प्रवेश मिळाला नाही म्हणून तो रडला होता, असं त्यात होतं. बस, तेवढंच. मी ते कार्ड अजून जपून ठेवलं आहे. ज्या शाळेने त्या मुलाला बाहेर ठेवलं तिच्याच गौरवात मी त्याचं नाव लिहिलं होतं. त्यानंतर जनरल रजिस्टर स्वतः पाहिल्याशिवाय मी कुणाचंही नाव लिहिलं नाही.

तेव्हा रजिस्टर. शाळेत परवानगीचा अर्ज दे आणि जनरल रजिस्टर बघायला मिळतं का ते विचार. मूळ पानं हाताळू देणार नाहीत कदाचित, तर त्यांच्यासमोर बसून उतरवून घे. रकाने सगळे वाच, नुसतं नाव नको. आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. या शेवटच्या रकान्यात माणसं सापडतात. “फी न भरल्यामुळे”, “गावी परत”, “वडील वारले”. 1897 च्या सुमारची पानं मिळाली तर प्लेगची छाया तिथे दिसेल, पुणं तेव्हा रिकामं झालं होतं. शेरेबुकं, वार्षिक अहवाल, बक्षीससमारंभाच्या पत्रिका, वर्गाचे फोटो, जे मिळेल ते बघ. फोटोखाली नावं असली तर उतरव आणि नसली तर अंदाजाने घालू नकोस.

एक अवघड गोष्ट राहिली. भांडण. तू त्याबद्दल “काही मतभेद झाले” असं लिहून पुढे गेली आहेस. 24 ऑक्टोबर 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 2 जानेवारी 1885 ला गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज उघडलं. आजीव सदस्यांनी 20 वर्षं द्यायची, महिना 75 रुपयांत. आणि मग याच माणसांचं आपसांत बिनसलं. सामाजिक सुधारणांवरून टिळक आणि आगरकर दुरावले. आगरकरांनी 1887 मध्ये केसरी सोडला, 1888 मध्ये सुधारक काढला. सोसायटीतही वाद सुरू झाले, पगारवाढीवरून, आणि सदस्यांनी बाहेरची कामं करावीत की नाही यावरून. जेझुइट पाद्र्यांसारखं सगळं सोडून शाळेलाच वाहून घ्यायचं, हा मूळ करार होता असं टिळकांचं म्हणणं. इतरांना संसार होते, इतर सार्वजनिक कामंही हवी होती. 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. ज्या शाळेसाठी डेक्कन कॉलेजात रात्री जागवल्या, ती शाळा दहा वर्षांत सोडली. आगरकर राहिले. वामनराव आपटे गेल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 1895 च्या जूनमध्ये, चाळिशी गाठायच्या आत, दम्याने खंगून गेले.

यात कुणाची बाजू घ्यायची, असं तू विचारशील. माझं मन आगरकरांकडे झुकतं, लपवत नाही. पण तू इतिहास लिहिते आहेस, तर टिळकांचं राजीनाम्याचं पत्रही पूर्ण वाच. त्यात राग आहे आणि त्याहून जास्त दुखावलेपण आहे. ज्याने स्वतःच्या हाताने शाळा बांधली त्याचं ते दुखणं आहे. “काही मतभेद” या दोन शब्दांत ते मावत नाही.

आता तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न. मुलांच्या शाळेचा इतिहास मी मुलगी असून लिहू का, असं तू विचारलं आहेस. मला हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, पण तो बरोबर जागी आहे. 1884 च्या 29 सप्टेंबरला पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटी त्यानंतर पुरता महिनाही जात नाही तोच निघाली. मुलींना काय शिकवावं आणि किती शिकवावं यावरून केसरीने पुढे त्या शाळेवर झोड उठवली. आगरकर दुसऱ्या बाजूला उभे होते. म्हणजे ज्या वाड्यात मुलांना कालिदास आणि भूमिती शिकवली जात होती, तिथलेच शिक्षक त्या मुलांच्या बहिणींनी काय शिकावं यावरून एकमेकांशी लढत होते. त्या मुलांच्या घरी बहिणी होत्याच ना. त्यांचं काय झालं हे मुलांच्या शाळेच्या रजिस्टरात नसतं. ते तुला आत्मचरित्रांत, पत्रांत, कुणाच्या तरी पणजीच्या आठवणींत शोधावं लागेल. तुझ्या पुस्तकात त्यांना एक प्रकरण दे. हे काम कुणी मुलगा करील याची वाट आपण 150 वर्षं पाहिली आहे.

माझ्या भावांच्या दप्तरातली पुस्तकं मी दुपारी वाचायचे. धाकट्याच्या भूमितीच्या वहीत मी प्रमेयं सोडवून ठेवायचे आणि तो तीच शाळेत दाखवायचा. त्याच्या मास्तरांनी एकदा वहीवर लाल शाईने “उत्तम” लिहून दिलं. ते उत्तम माझं होतं, असं मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात असेल तर आधी तो शोध. त्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, त्यावरून त्यांचं पान काढता येईल. त्यांच्या वरची पाच आणि खालची पाच नावंही उतरवून घे. ती मुलं कुठे गेली, ते त्यांना आठवत असेल तर विचार. आठवणीने विचार, सकाळच्या वेळी, चहा झाल्यावर. वय झालेल्या माणसांना संध्याकाळी नावं सुचत नाहीत, हे मी आता स्वतःवरून सांगू शकते.

नवीन पानं झाली की घेऊन ये, पोस्टाने पाठवू नकोस. माझ्याकडे भावांच्या वर्गाचे दोन फोटो आहेत, एक चांगला, एक वाळवीने कोपऱ्यात खाल्लेला. मागच्या बाजूला थोरल्याच्या हातची नावं आहेत. पावसाळा लागायच्या आत आलीस तर बरं. दमट हवेत मी ती पेटी उघडत नाही.

तुझी,
बाई